ॲबेरोमेट्रीतल्या या चुका टाळा: नकाशाआधी ठिपके बघा

रीडिंग चुकलेलं असलं तरी ॲबेरोमीटरचा (डोळ्याच्या भिंगांमधले प्रकाशीय दोष मोजणाऱ्या यंत्राचा) रंगीत नकाशा तेवढाच देखणा येतो. हार्टमन-शॅक पद्धतीचं यंत्र दृष्टिपटलावर इन्फ्रारेड उजेडाचा बारीक ठिपका टाकतं. परत येणारा उजेड सूक्ष्म भिंगांच्या जाळीतून कॅमेऱ्यावर पडतो आणि प्रत्येक ठिपका जागेवरून किती सरकला, यावरून दोष मोजला जातो. म्हणून आधी ठिपक्यांचं कच्चं चित्र उघडा. ठिपके पुसट, लांबुळके किंवा गायब असतील तर नकाशा वाचूच नका.

ठिपके बिघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अश्रूंचा थर. पेशंटला "डोळे मिटू नका" म्हणून दहा सेकंद ताटकळत ठेवलं की थर फाटतो आणि नसलेला कोमा (बिंदूला धूमकेतूसारखी शेपटी लावणारा दोष) दिसू लागतो. दोनदा सावकाश पापण्या मिटायला सांगा, डोळा उघडल्यावर दोन-तीन सेकंदांत रीडिंग घ्या. असं किमान तीनदा करा. आकडे जुळत नसतील तर सरासरी काढून वेळ मारून नेऊ नका. सुन्न करणारे थेंब, फ्लुरोसिन (डोळ्यात घालायचा तपासणीचा रंग), डोळ्याचा दाब मोजणं हे सगळं ॲबेरोमेट्रीनंतर.

दुसरी चूक बाहुलीची, आणि ती रिपोर्ट वाचणाऱ्याच्याही हातून होते. स्फेरिकल ॲबेरेशन (मधून आणि कडेने आलेले किरण एका जागी न जुळण्याचा दोष) बाहुलीच्या व्यासाच्या साधारण चौथ्या घाताने बदलतं, कोमा तिसऱ्या. ६ मिमीला ०.३० मायक्रॉन आलेलं स्फेरिकल ॲबेरेशन त्याच डोळ्यात ४ मिमीला जेमतेम ०.०६ उरतं. मागच्या वर्षीचा रिपोर्ट ५ मिमीचा आणि आजचा ६ चा असेल, तर "दोष वाढला" म्हणण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच व्यासावर आणा, तेही लहान व्यासावर. बाहुली ५.२ मिमीच उघडली असताना ६ मिमीचे आकडे मागितले, तर कडेचा भाग मोजलेला नसतो, रचलेला असतो. दिवे मालवून दोन-तीन मिनिटं थांबलं की बहुतेक तरुण डोळ्यांचं काम बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांशिवाय भागतं.

तरुणांच्या बाबतीत आणखी एक गोम: यंत्रातलं चित्र जवळ आहे असं वाटून डोळा फोकस ओढतो आणि मायनस नंबर फुगतो. "चित्र धूसर झालं तरी लांब बघताय असंच बघा," एवढं सांगितलं तरी फरक पडतो. नंबर ट्रायल फ्रेमवरच्या (भिंगं बदलून नंबर काढायच्या चौकटीवरच्या) तपासणीपेक्षा अर्ध्या डायॉप्टरहून जास्त सरकला, तर रीडिंग पुन्हा घ्या.

हनुवटी टेकूवर नीट हवी, डोकं कललं की सिलिंडरचा ॲक्सिस आणि कोमाची दिशा दोन्ही फिरतात. पुढे लेसिक (नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया) करायचं असेल तर ही चूक महागात पडते, कारण आडवं झाल्यावर डोळा आणखी थोडा फिरतो.

केराटोकोनस (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा शंकूसारखा होण्याचा आजार) फार पुढे गेलेला असेल तर शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळतात, कोणता कुठल्या भिंगाचा हे यंत्राला कळत नाही. डिफ्रॅक्टिव्ह मल्टिफोकल लेन्स (बारीक वलयांनी उजेड विभागून जवळचं-लांबचं दाखवणारं कृत्रिम भिंग) बसवलेल्या डोळ्यातले आकडेही जपूनच घ्या. ती लेन्स दृश्य प्रकाशासाठी आखलेली असते, यंत्र इन्फ्रारेडवर चालतं.