गुन्हा कबूल केल्यावर अपील: जबरी चोरीच्या शिक्षेत या चुका टाळा

जबरी चोरीच्या खटल्यात पोराने गुन्हा कबूल केला, शिक्षा लागली की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, ‘स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, आता अपील कसलं?’ दुसरं म्हणतं, ‘चांगला वकील दिला की हायकोर्टातून निर्दोष सुटेल.’ कायदा या दोघांचंही ऐकत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४१६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३७५) काय सांगतं ते आधी नीट वाचा. सेशन कोर्टात किंवा मॅजिस्ट्रेटपुढे आरोपीने गुन्हा कबूल केला आणि त्या कबुलीवरच त्याला दोषी ठरवलं, तर दोषी ठरवल्याविरुद्ध अपील नाही. शिक्षा किती दिली आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्याच मुद्द्यांवर अपील चालतं. दार अरुंद आहे, पण बंद नाही. बहुतेक चुका होतात त्या हे दार कुठे आहे हे न पाहिल्यामुळे.

अपिलात निर्दोषपणाची कहाणी लिहिणं

‘फिर्यादी खोटं बोलतो, ओळखपरेड चुकीची झाली, पंच पोलिसांच्या ओळखीचे होते.’ असे दहा-पंधरा मुद्दे अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, सर्रास दिसतात. खटला चाललाच नाही, साक्षीदार पिंजऱ्यात आलाच नाही, मग उलटतपासातली विसंगती वरच्या कोर्टाने कुठून शोधायची? पहिली पाच पानं अशी वाया गेली की सहाव्या पानावरचा खरा मुद्दाही कुणी गांभीर्याने घेत नाही.

मात्र निकालपत्रात एक गोष्ट जरूर पाहा. दोषी ठरवलंय ते कबुलीवर, की पुराव्यावर? कधी कधी कबुली नोंदवूनही न्यायाधीश ती पुरेशी मानत नाहीत, साक्षी घेतात आणि पुराव्यावर निकाल देतात. २६/११च्या खटल्यात जुलै २००९ मध्ये अजमल कसाबने भर कोर्टात कबुली दिली होती, तरी न्यायाधीशांनी खटला पुढे चालवला आणि निकाल मे २०१० मध्ये लागला. दोषसिद्धी पुराव्यावर असेल, तर कलम ४१६चा अडसर लागू होत नाही आणि नेहमीसारखं पूर्ण अपील करता येतं.

‘शिक्षा कमी करा’ म्हणणं आणि ‘शिक्षा बेकायदेशीर आहे’ म्हणणं, यात गल्लत करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

साधी जबरी चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०९ मध्ये येते (जुन्या दंड संहितेत ३९२). शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. रात्री हमरस्त्यावर केली तर चौदा वर्षांपर्यंत. चोरी करताना दुखापत केली तर ३०९(६), म्हणजे जुनं ३९४: जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. या कलमांत किमान शिक्षा नाही, त्यामुळे वय, पहिलाच गुन्हा, घरची परिस्थिती, परत केलेला मुद्देमाल हे सगळं मांडायला जागा असते.

कलम ३११ (जुनं ३९७) मात्र वेगळं आहे. प्राणघातक शस्त्र वापरलं किंवा जबर दुखापत केली, तर किमान सात वर्षं. सातच्या खाली सेशन कोर्ट जाऊ शकत नाही आणि हायकोर्टही जाऊ शकत नाही. इथे ‘आई आजारी आहे, लहान मूल आहे’ असं कितीही लिहा, आकडा हलणार नाही. विचारायचा प्रश्न असा, की या माणसाला हे कलम लागतं का?

समजा, मोटारसायकलवर तिघे होते. एकाच्या हातात कोयता, दुसऱ्याने बॅग हिसकावली, तिसरा गाडी चालू ठेवून बसला. तिघांनाही सात वर्षं लागली. फूलकुमार विरुद्ध दिल्ली प्रशासन या १९७५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की ३९७ ची किमान शिक्षा ज्याने शस्त्र वापरलं त्यालाच लागते. साथीदाराच्या हातातल्या शस्त्रासाठी ती दुसऱ्यावर लादता येत नाही. ‘आम्ही सगळे एकत्र होतो’ हे सूत्र ३०९(६) ला चालतं, कारण त्या कलमातच सामील असलेल्या इतरांचा उल्लेख आहे. ३११ मध्ये तो नाही. म्हणून दोषारोपाचा (कोर्टाने आरोपीवर कोणता गुन्हा ठेवला ते सांगणारा) कागद काढा आणि कोयता कुणाच्या हातात होता असं लिहिलंय ते वाचा. आरोपीने कबूल केलंय ते तेवढंच.

त्याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. शस्त्र ‘वापरणं’ म्हणजे वार करणंच नव्हे. धाक बसावा म्हणून समोर धरलं तरी वापर झाला. ‘साहेब, फक्त दाखवला होता’ हा युक्तिवाद कोयता हातात असणाऱ्याला वाचवत नाही.

कायदेशीरपणाचे बाकीचे मुद्दे साधे आहेत, पण हातचे जातात. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाहीत, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपेक्षा जास्त नाही. दंड न भरल्याबद्दलची कैद मॅजिस्ट्रेटला आपल्या अधिकाराच्या एक चतुर्थांशापर्यंतच देता येते, म्हणजे प्रथम वर्गाच्या कोर्टात नऊ महिने. कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा करायचा हुकूम आहे का, तेही बघा. आणि घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असेल तर शिक्षा जुन्या दंड संहितेखालीच हवी.

कबुली कशी नोंदवली गेली, हे न पाहणं

न्यायाधीश दोषारोप वाचून दाखवतात, ‘गुन्हा कबूल आहे काय?’ विचारतात आणि उत्तर निशाणी (कोर्टाच्या कागदाचा क्रमांक) देऊन नोंदवतात. त्या निशाणीची आणि त्या दिवसाच्या रोजनाम्याची (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची) नक्कल घ्या. त्या दिवशी आरोपीला वकील होता का? दोषारोप त्याला समजणाऱ्या भाषेत वाचला का? उत्तर काय दिलं? ‘हो, मारामारी केली, मोबाइल नंतर पडलेला उचलला’ असं असेल, तर ती जबरी चोरीची कबुली होत नाही. जबरी चोरीत मार किंवा धाक हा चोरीसाठी, चोरी करताना किंवा माल नेताना लागतो. भांडणाचा मार वेगळा.

‘कबूल कर, सहा महिन्यांत सुटशील’ असं आश्वासन देऊन घेतलेली कबुलीही टिकत नाही. कासमभाई अब्दुलरहमानभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य (१९८०) या भेसळीच्या प्रकरणात अशा सौद्यावरची दोषसिद्धी सुप्रीम कोर्टाने रद्द केली. पण नुसतं ‘पोलिसांनी सांगितलं म्हणून’ एवढं लिहून भागत नाही. कागदावर काही तरी दिसायला हवं. शिवाय कबुली रद्द झाली म्हणजे सुटका झाली असं नाही. खटला पहिल्यापासून चालतो, साक्षीदार येतात, आणि पुरावा भक्कम असेल तर तेच कलम पुन्हा समोर उभं राहतं. शिक्षेतले थोडेच महिने उरले असतील, तर हा मार्ग धरण्याआधी वकिलाशी शांतपणे बोला. माझ्या मते बहुतेकांना तो परवडत नाही.

‘कबुलीला सूट असते’ यावर विसंबणं

इंटरनेटवर इंग्लंडची माहिती वाचून हा गैरसमज होतो. तिथे पहिल्याच संधीला कबुली दिली तर शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत कपात मिळते. आपल्याकडे असा ठरलेला आकडा नाही. आपल्याकडचं प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीच्या बदल्यात कमी शिक्षेची कायदेशीर तडजोड, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतं आहे, त्यामुळे जबरी चोरी त्यात बसतच नाही. सोनसाखळी हिसकावण्याच्या, न्याय संहितेतल्या कलम ३०४ ला तीन वर्षांपर्यंतच शिक्षा आहे, पण महिलेविरुद्धचा गुन्हा प्ली बार्गेनिंगमधून वगळलेला आहे, आणि साखळी बहुतेक वेळा कुणाच्या गळ्यातली जाते ते सांगायला नको.

चार केसेसमध्ये एकदम कबुली देऊन मोकळं होणं

‘सगळ्यात एकदम कबूल करतो, शिक्षा एकत्र भोगतो’ हा हिशेब तुरुंगात फार चालतो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६७ (जुनं ४२७) उलटं सांगतं. आधीची शिक्षा चालू असताना वेगळ्या केसमध्ये नवी कैद लागली, तर ती आधीची संपल्यावर सुरू होते. कोर्टाने ‘एकत्र भोगावी’ असं स्पष्ट म्हटलं तरच एकत्र. तीन-तीन वर्षांच्या चार शिक्षा हुकूम गप्प राहिल्यामुळे बारा वर्षं होऊ शकतात. शिक्षेच्या वेळी आधीच्या निकालांच्या प्रती दाखवून ही मागणी करा. तेव्हा राहिली असेल तर अपिलात हा मुद्दा सर्वात वर ठेवा.

वयाचा कागद न शोधणं

घटनेच्या दिवशी मुलगा अठरा वर्षांखालचा असेल, तर कबुली दिली तरी हा मुद्दा कधीही, शिक्षा कायम झाल्यावरसुद्धा, उठवता येतो. पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. सोळा ते अठरा वयात किमान सात वर्षांच्या कलमाला मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, पण तोही बाल न्याय मंडळाच्या तपासणीनंतरच.

अपिलामुळे शिक्षा वाढेल या भीतीने गप्प बसणं

आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. वाढ हवी असेल तर सरकारला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१८ खाली वेगळं अपील करावं लागतं आणि आरोपीला ऐकून घ्यावंच लागतं. सरकारने तसं केलंय का, एवढी चौकशी वकिलामार्फत करून घ्या.

मुदत आणि कागदांत घोळ

मॅजिस्ट्रेटच्या शिक्षेविरुद्ध सेशन कोर्टात ३० दिवस, सेशनच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात ६० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वगळले जातात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडा, पण त्यात दिवसागणिक कारण द्या. ‘गरिबीमुळे’ एवढ्या एका शब्दावर भिस्त ठेवू नका. कैदेची शिक्षा झाली की निकालाची एक प्रत आरोपीला लगेच आणि मोफत मिळाली पाहिजे. एम. एच. हॉस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या निकालात सुप्रीम कोर्टाने तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रत आणि मोफत वकील हे दोन्ही हक्काचं असल्याचं सांगितलं. येरवडा, कळंबा, हर्सूल, कुठेही असा, तुरुंग अधीक्षकांमार्फत जेल अपील पाठवता येतं. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा.

अपिलासोबतच शिक्षेला स्थगिती आणि जामिनाचा अर्ज द्या (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३०), नाहीतर अपील सुनावणीला येईपर्यंत शिक्षाच संपून जाते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणारं कोर्टच अपिलासाठी जामीन देऊ शकतं. निकालाच्या दिवशी वकिलाने हा अर्ज हातात तयार ठेवावा.

हायकोर्टात जाताना खंडपीठ तपासा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आहे. जुना नमुना समोर ठेवून या जिल्ह्यांतलं अपील मुंबईच्या पत्त्यावर तयार केलं, तर आधीच मोजके असलेले दिवस त्यातच जातील.