काऊ-चिऊच्या गोष्टीतून अक्षरओळख
पहिली-दुसरीच्या मुलांना काऊ-चिऊची गोष्ट सांगताना ‘काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं’ इथे जरा थांबा आणि विचारा, ‘शेणाचं’चं ‘मेणाचं’ कशामुळे झालं? बदलला तो फक्त पहिला आवाज. मग ‘काऊ’तला क काढून तिथे ख, भ, ज बसवायला सांगा: खाऊ, भाऊ, जाऊ. कुणी ‘टाऊ’ म्हणालं तरी अडवू नका, अर्थ नसलेल्या शब्दांनीही कान तयार होतो. फळ्यावर लिहायचं ते यानंतरच, आणि तेव्हाही काना व ऊ तसेच ठेवून फक्त पहिलं अक्षर पुसून बदला. ‘चिऊ’ आणि ‘चोच’ हे शब्द मात्र पाठोपाठ मोठ्याने म्हणवून घ्या. अक्षर एकच, पण दोन्हींतल्या च चा उच्चार वेगळा.