जुनी गल्ली वाचवायचीय? आधी टेप घेऊन बाहेर पडा

वाडा पाडला की आपण फोटो टाकतो, खाली पन्नास जण "अरेरे" लिहितात, आणि आठ दिवसांत तिथे शटर लागलेलं असतं. पाडायच्या आधी काय करता येतं ते सांगतो. मी धुळ्याचा, म्हणून उदाहरणं इकडची, पण अमळनेर, चोपडा, पारोळा, नंदुरबार कुठेही हेच चालेल.

पहिलं म्हणजे एकटा वाडा धरून बसू नका, अख्खी गल्ली बघा. धुळ्यात 1819 मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने खानदेश जिल्ह्याचं ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, आपण आजही पत्ता "गल्ली नंबर अमुक" असाच सांगतो. त्या गल्लीची मजा एका नक्षीदार खांबात नाहीये, रांगेने लागलेले ओटे, वर एका रेषेत गॅलऱ्या, त्यावर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, हे सगळं मिळून ती गल्ली होते.

मग मोजायचं. रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आत, टेप, वही आणि दोन पोरं घेऊन. रस्त्याची रुंदी, ओट्याची उंची आणि खोली, घराची दर्शनी रुंदी, गॅलरी जमिनीपासून किती वर, मजले किती. आम्ही अकरा घरं मोजली तर दहांचे ओटे दोन ते अडीच फुटांत निघाले, आणि अकराव्या नव्या घराला ओटाच नव्हता, तिथे पार्किंगचं तोंड. एवढी वर्षं तिथून जाताना काहीतरी उघडं उघडं वाटायचं, ते का ते त्या दिवशी कळलं, समोरच्या ओट्यावर बाया बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालून गप्पा मारत बसलेल्या आणि इकडे नुसत्या दोन बाइक.

आता पालिकेला सुचवायचे नियम लिहा, पण मापात. "नवीन बांधकाम परिसराला साजेसं असावं" असं लिहिलंत तर बिल्डर म्हणेल साजेसंच आहे की. त्यापेक्षा ओटा 2 ते 2.5 फूट उंच आणि दर्शनी बाजूभर, गाडीचा रस्ता असलाच तर एका कडेला, गॅलरीची रेषा शेजारच्या घराला जुळलेली, तिसरा मजला हवा असेल तर तो मागे सरकवून. आणि एक गोष्ट लोक विसरतात, जुन्या रांगेत नवं घर पुढे जागा सोडून मागे घेतलं की रांगेत दात पडल्यासारखं दिसतं, म्हणून समोरची रेषा तीच ठेवायची असंही लिहा. रंगावरून भांडू नका, रंग परत मारता येतो.

घरमालकांना आधी भेटा, नाहीतर ते पहिले विरोधात जातील. "हेरिटेज लागलं की खिळा पण ठोकता येत नाही" ही भीती सगळ्यांना असते. राज्याच्या बांधकामाच्या युनिफाइड नियमावलीत, म्हणजे 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, हेरिटेजला ग्रेड आहेत आणि खालच्या ग्रेडला बदलाची मोकळीक बरीच जास्त. थाळनेरचे फारुकी सुलतानांचे मकबरे वेगळी गोष्ट, ते केंद्राच्या संरक्षणात आहेत, तिथे 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. तुमची गल्ली अशा वास्तूच्या जवळ नसेल तर तिला हे लागू नाही, हे मालकाला स्पष्ट सांगा. सोबत चांगला मिस्त्री पण सुचवा, कारण माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत अडकते आणि मग "वाडा जीर्ण झालाय, पाडावाच लागेल" सुरू होतं.

कागदाचं काम शहराच्या विकास आराखड्यातून होतं, तुमचे नियम तिथेच सुचवायचे. 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 22 मध्ये ऐतिहासिक वास्तू आणि जागा जपण्याची तरतूद आराखड्यात करता येते, आणि प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की कलम 26 खाली हरकती-सूचनांना 30 दिवस मिळतात. त्या 30 दिवसांत मोजमाप सुरू केलंत तर गेलात, सगळं आधीच तयार पाहिजे. रस्ता रुंदीकरणाची रेषा ओट्यांवरून जातेय का तेही नकाशात बघा, बहुतेक वेळा जातेच.

अर्जाची पोच घ्या, आवक नंबरसकट. माझा पहिला अर्ज एका कार्यालयात "सापडत नाही" झाला आणि माझ्याकडे पोच नव्हती, संपला विषय. सुनावणीला जाल तेव्हा गल्लीचा फोटो मोठ्या कागदावर छापून न्या, ओट्यांची मापं त्यावरच पेनाने लिहून, मोबाईलवर दाखवलेलं कुणी बघत नाही.