फ्रान्समध्ये भाड्याचे घर: निघण्याआधीची तयारी

फ्रान्सला शिकायला जाताना घर एक नव्हे, दोन शोधायची असतात. पहिले व्हिसाच्या अर्जाला जोडण्यासाठी आणि उतरल्यावर तीन-चार आठवडे टेकण्यासाठी, दुसरे वर्षभर राहण्यासाठी. व्हिसाला निवासाचा पुरावा लागतो, आणि खासगी घराच्या कराराला लागणारी सरकारमान्य हमी व्हिसा हातात आल्यावरच मिळते. भारतात बसून दोन्ही कामे एकाच घरात उरकायला जाणारे बहुधा इथेच अडकतात.

हमी देणारा तो 'गारां', म्हणजे भाडे थकले तर भरणारा. पुण्यातल्या बाबांची सॅलरी स्लिप कितीही भक्कम असली तरी भारतात जाऊन वसुली कोण करणार, म्हणून बहुतेक एजन्सी ती बाजूला सारतात. यावर उतारा 'व्हिझाल': आक्सियों लोजमां या संस्थेची मोफत हमी, 18 ते 30 वर्षे वयासाठी. व्हिसाचा शिक्का बसला की त्याच दिवशी साइटवर अर्ज टाका. प्रमाणपत्रावर भाड्याची कमाल मर्यादा असते, त्यातच घर शोधा. करारावर सही झाल्यावर केलेला अर्ज कामाचा नाही. तीस ओलांडलेल्यांना पैसे घेऊन हमी देणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. एक गोंधळ आधीच सोडवून ठेवा: 'कोसियों' हा शब्द तिथले लोक हमीदारालाही वापरतात आणि अनामत रकमेलाही. मालकाने तो उच्चारला की नेमके काय हवे ते विचारा.

सर्वांत स्वस्त जागा 'क्रूस'च्या सरकारी वसतिगृहांत. एक्सचेंजवर जाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागाला प्रवेशपत्र मिळताच लिहावे, कारण राखीव खोल्या तिथूनच वाटल्या जातात. स्वतः प्रवेश घेणाऱ्यांनी जुलैच्या सुरुवातीला उरलेल्या खोल्या साइटवर खुल्या होतात त्यावर डोळा ठेवावा, खाते आधी उघडून. खोली 9 चौरस मीटरची, म्हणजे जेमतेम 97 चौरस फूट. पॅरिसला जाणाऱ्यांनी सिते युनिव्हर्सितेर या विद्यार्थी-वसाहतीतल्या 'मेझों द लँद' या भारताच्या वसतिगृहाकडेही अर्ज करावा. खासगी विद्यार्थी निवास महाग पडतात, पण भारतातून करार करून देतात, त्यामुळे पहिल्या घरासाठी बरे.

खासगी घरासाठी कागदांची फाइल, तिथल्या भाषेत 'दोसिए', तयार हवी. चांगले घर पाहिल्याच्या दिवशीच जाते. पासपोर्ट, व्हिसा, प्रवेशपत्र, शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्जाचे पत्र, व्हिझालचे प्रमाणपत्र. सरकारची 'दोसिए फासिल' ही मोफत सेवा हे सगळे तपासून, त्यावर वॉटरमार्क टाकून एक लिंक देते, तीच मालकाला पाठवा. बँक स्टेटमेंट मागण्याचा अधिकार मालकाला नाही. घर न दाखवता, 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो' म्हणत वेस्टर्न युनियनने पैसे मागणारा हमखास ठग. फोटो सुंदर आणि भाडे परिसरापेक्षा बरेच कमी असेल तर तोच.

जाहिरातीत भाड्यापुढे 'सेसे' (CC) म्हणजे सोसायटीचे व देखभालीचे शुल्क धरून, 'अशसे' (HC) म्हणजे ते सोडून. वीज दोन्हींत बहुधा नसते, आणि जुन्या घरात भिंतीवरचे विजेचे हीटर असतील तर हिवाळ्याचे बिल डोळे पांढरे करते. ऊर्जेचा दर्जा 'जी', म्हणजे सर्वांत खालचा, असलेले घर 1 जानेवारी 2025 पासून नव्या कराराने भाड्याने देता येत नाही. 'सूर ल पालिए' लिहिले असेल तर संडास खोलीबाहेर जिन्यावर.

करार निवडताना बहुतेक जण नऊ महिन्यांच्या विद्यार्थी करारावर भुलतात. तो आपोआप वाढत नाही. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी एक वर्षाचा, फर्निचरसह करार बरा, कारण एक महिन्याची नोटीस देऊन केव्हाही निघता येते. फर्निचरसह घराची अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांचे मूळ भाडे, तर 'बाय मोबिलिते' या दहा महिन्यांपर्यंतच्या करारात अनामत घेताच येत नाही. पॅरिसमध्ये एजन्सीचे शुल्क चौरस मीटरला सुमारे 15 युरोंवर जाऊ शकत नाही, म्हणजे 20 चौरस मीटरला सुमारे 300. तेव्हा पहिल्या दिवसासाठी पहिले भाडे, अनामत, एजन्सी आणि घराचा विमा इतकी रक्कम वेगळी ठेवा. सीएएफ या सरकारी भत्ते देणाऱ्या संस्थेची भाडेमदत यात धरू नका, मंजूर झाली तरी पहिल्या महिन्याची मिळत नाही.

चावी घेताना विम्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, ते ऑनलाइन निघते. मग 'एता दे लिय', म्हणजे खोलीच्या स्थितीची नोंद. नळ, शेगड्या, खिडक्या चालवून पाहा, गादीचा डागसुद्धा लिहून घ्या, तारखेसह फोटो काढा. राहिलेले दोष 10 दिवसांत लेखी कळवता येतात. अनामत कापली जाते ती याच कागदावर बोट ठेवून. शेगडी इंडक्शनची असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही, तेव्हा इंडक्शन बुडाचाच बॅगेत टाका.

आणि त्याच संध्याकाळी लेटरबॉक्सवर पासपोर्टवरचे आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि त्या पत्रांत तुमचे बँक कार्ड असते.