सह्याद्रीत सस्तन प्राण्यांवरची परिषद भरवताना

जून ते सप्टेंबर टाळा. क्षेत्रभेट पावसात वाया जाते. परदेशी पाहुणे असतील तर परराष्ट्र मंत्रालयाच्या राजकीय मंजुरीसाठी ६ महिने आधीच कागद हलवा, नाहीतर परिषद-व्हिसा अडकतो. भाषणाला १२ मिनिटं, प्रश्नांना ३. पोस्टर ८४ बाय ११९ सेंटिमीटर, उभंच. आडवं आलं की बोर्डावर बसत नाही.

वटवाघळांचं प्रात्यक्षिक जरूर ठेवा. सूर्यास्त होताच डिटेक्टर, म्हणजे त्यांचे आवाज आपल्याला ऐकू येतील असे करणारं यंत्र, लावा. त्यांचे बहुतेक आवाज २० किलोहर्ट्झच्या वरचे, आपल्या कानापलीकडचे. यंत्रातून ती टकटक उमटली की विद्यार्थी श्वास रोखून ऐकतात. वटवाघळं पकडायचं जाळं मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका. गुहेत घोळका तर नकोच: माद्या बिथरल्या की अंगाला बिलगलेली पिलं खाली पडतात.