मित्र ताऱ्याचे ग्रह शोधताय? साताऱ्यात या चुका टाळा

सूर्यासारख्या ताऱ्याजवळ ग्रह सापडल्याची बातमी फिरली की हौशी मंडळींच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला: आपल्या गच्चीवरून दिसेल का? ग्रह तर नाहीच दिसणार. तारा दिसेल, पण त्यासाठी गच्ची सोडावी लागेल.

नरतुरंग तारकासमूहातला मित्र, म्हणजेच अल्फा सेंटॉरी, तेजस्वीपणात रात्रीच्या आकाशातला तिसरा तारा. तरीही साताऱ्याहून तो क्षितिजावर जेमतेम साडेअकरा अंश चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा वर. आणि मंगळवार पेठेत किंवा आसपास राहणाऱ्यांच्या दक्षिणेला काय आहे? अजिंक्यतारा किल्ला! मित्र गडामागूनच येतो आणि गडामागेच मावळतो. उत्तरेला लांब गेलात तर गड खाली बसतो खरा, पण मग सगळ्या शहराचा उजेड नेमका दक्षिणेला येतो. त्यापेक्षा गडाच्या पलीकडे शेंद्र्याच्या बाजूला जा आणि महामार्गापासून आत मोकळं रान बघा. रानमालकाला विचारून जा, आणि उभ्या उसाच्या बांधावर थांबू नका. पुरुषभर उसाआड साडेअकरा अंश कधीच गडप होतात.

वेळेची चूकही नेहमीची. डिसेंबरच्या थंडीत आकाश स्वच्छ म्हणून लोक तेव्हा संध्याकाळी शोधत बसतात. मित्र संध्याकाळच्या आकाशाचा तारा होतो तो उन्हाळ्यात. मेच्या सुरुवातीला रात्री साधारण साडेबाराला, महिनाअखेरीस पावणेअकराला तो बरोबर दक्षिणेला असतो. जूनमध्ये वेळ आणखी सोयीची, पण तोवर ढग आलेले असतात.

दिसला, पण तो मित्रच कशावरून? तिथे शेजारी दोन ठळक तारे आहेत. दक्षिणेकडे तोंड केलंत की डावीकडचा जास्त तेजस्वी तो मित्र, उजवीकडचा मित्रक, आणि त्याच्याही उजवीकडे त्रिशंकू हा तारकासमूह. मित्र 4.37 प्रकाशवर्षांवर, तर मित्रक शेकडो प्रकाशवर्षं मागे. जोडी फक्त आपल्या नजरेपुरती. इतक्या खाली ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या पाचपट जाडीतून येतो, म्हणून तो लाल-निळा लुकलुकतो. त्यावरून 'हा ग्रहच असणार' म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतोच.

दुर्बीण लावलीत तर मित्राचे दोन तारे, अ आणि ब, वेगळे दिसू शकतात. हे जुळेपण 1689 मध्ये फादर रिशो यांनी पुदुच्चेरीतून नोंदवलं होतं, म्हणजे आपल्याच देशातून. मात्र तो शेजारचा ठिपका ग्रह नव्हे, तो मित्र-ब. दोघे एकमेकांभोवती सुमारे 80 वर्षांत फेरी मारतात. सूर्यासारखा म्हणतात तो मित्र-अ, सूर्याच्या सुमारे दीडपट तेजाचा. तिसरा भाऊ प्रॉक्झिमा इतका मंद की नुसत्या डोळ्यांना दिसणं अशक्य.

आता बातम्यांकडे. इथे घाई सगळ्यात महागात पडते. 2012 मध्ये मित्र-ब भोवती सव्वातीन दिवसांत फिरणारा, पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला होता. 2015 मध्ये कळलं की तो ग्रह निरीक्षणांच्या आकडेमोडीतून उपजलेला भास होता. पण जुन्या पोस्टी अजून फिरतात.

ऑगस्ट 2025 ची बातमी वेगळी. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीला 2024 मध्ये मित्र-अ जवळ एक ठिपका दिसला, ताऱ्यापेक्षा दहा हजार पटींहून फिका. तो ग्रह असेल तर साधारण शनीच्या वस्तुमानाचा वायूचा गोळा. तिथे उभं राहायला जमीन नाही. 2025 च्या फेब्रुवारी आणि एप्रिलमध्ये पुन्हा पाहिलं तेव्हा तो दिसला नाही. कदाचित ताऱ्याच्या फार जवळ सरकला असेल. म्हणून शास्त्रज्ञ त्याला अजून 'उमेदवार' म्हणतात, आणि मथळ्यातून हाच शब्द आधी गाळला जातो.

प्रॉक्झिमाचा 2016 मध्ये सापडलेला ग्रह मात्र पक्का आहे, 11.2 दिवसांत फेरी पुरी करणारा. तो आपल्या चर्चेतल्या ताऱ्याचा नव्हे, लाल बटू म्हणजे छोट्या, मंद ताऱ्याचा. पोस्ट पुढे ढकलण्याआधी ती अ, ब की प्रॉक्झिमा यांपैकी कोणाची आहे ते वाचा. सोबत ढग-समुद्रवाला रंगीत गोळा असेल तर ते चित्रकाराचं काम आहे.