गुंतागुंतीच्या रुग्णाला दवाखान्यातून घरी नेताना

राउंडवर डॉक्टर म्हणतात, "उद्या सोडू," आणि नातेवाईक लगेच बिल, सामान आणि गाडी यांच्या मागे लागतात. अपेंडिक्सच्या पेशंटला एवढं पुरतं. पण नाकात नळी, लघवीची पिशवी, ऑक्सिजन किंवा अर्ध्या अंगाचा लकवा असेल, तर घरी नेण्याची तयारी एका रात्रीत होत नाही. पेशंट जरा स्थिर झाला की सुरुवात करावी. मी हे सासूबाईंच्या लकव्याच्या वेळी शिकले, तेही उशिरा.

आधी माणूस ठरवा. डॉक्टरांशी बोलतो थोरला मुलगा, रात्री थांबतो भाचा आणि घरी सगळं करते सून. शिकवायचं असतं ते या सुनेला. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात तर आणखी एक गोष्ट होते. सिस्टर मराठीत सांगतात, घरात तेलुगू बोलणारी आजी सगळ्याला मान हलवते आणि घरी गेल्यावर पिशवीचा कॉक कुठल्या बाजूला फिरवायचा तेच माहीत नसतं. तेलुगू किंवा कन्नड येणारं कुणीतरी जवळ उभं करा. एका वहीत सगळं लिहा, आणि ती वही एकाच माणसाकडे राहू द्या.

मग घर बघा. संडासापर्यंत किती पायऱ्या? चाकाची खुर्ची दारातून जाते का? कॉट कुठे टाकणार? खाली यंत्रमाग असेल तर दमेकऱ्याला वरच्या खोलीत ठेवा, कारण सुताची धूळ थांबत नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून इन्व्हर्टर त्याचा भार पेलतो का ते आधी बघा आणि भरलेला सिलिंडर जोडीला ठेवा. देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस यांच्यापासून तो लांब हवा. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्लीत रोज चादरी धुवायच्या, तर एक जादा पिंप लागणारच. कॉट, एअर बेड, खुर्ची विकत घेण्याआधी भाड्याने मिळते का विचारा. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असाल तर आरोग्यमित्र असतो. सोडण्याच्या दिवशी नाही, आधीच भेटा.

हाताने करून बघा. यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. "कळलं का?" असं विचारलं की आपण सगळेच हो म्हणतो. सिस्टरना सांगा, "आज मी करते, तुम्ही बघा." नळीने पाजताना डोक्याकडची बाजू उंच हवी आणि पाजून झाल्यावरही अर्धा ते एक तास पेशंटला आडवं करायचं नाही. पाजण्याआधी नाकाजवळची खूण जागेवर आहे का बघायचं. नळी निघाली तर घरी परत सारायची नाही. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नको. कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि माकडहाड, टाचा रोज उजेडात बघायच्या.

लकव्यात गिळणं बिघडलं असेल तर सगळ्यात घातक ठरते माया. भेटायला आलेली मावशी म्हणते, "तोंड कोरडं पडलंय, दोन चमचे चहा घाला गं." चहा, पाणी असले पातळ पदार्थच चटकन श्वासनलिकेत जातात आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. दह्यात भिजवलेली कडक भाकरीही, गिळण्याची तपासणी होईपर्यंत, नाहीच.

गोळ्यांचा हिशेब करा. घरातली जुनी पिशवी दवाखान्यात आणा आणि डॉक्टरांसमोर ओता. कुठलं चालू, कुठलं बंद, कुठलं नवं? बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दोनदा दिली जाते, हे मी गल्लीत तीनदा पाहिलंय. बंद झालेल्या गोळ्या घरात ठेवूच नका. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत, म्हणजे फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. सोलापूरच्या मे महिन्यात ते खिडकीत राहिलं तर गेलंच समजा.

डिस्चार्ज कार्ड वॉर्डातच वाचा. आमचा डिस्चार्ज शनिवारी संध्याकाळी झाला. कार्डावर लघवीची नळी कधी बदलायची ती तारीखच नव्हती आणि रविवारी विचारायला कुणी नव्हतं. तेव्हापासून मी शनिवारचा डिस्चार्ज शक्यतो सोमवारवर ढकलायला सांगते. नळी बदलण्याची तारीख, फेरतपासणी कुठे आणि कधी, कोणत्या लक्षणांना परत यायचं आणि अडलं तर कुणाला फोन करायचा, एवढं कार्डावर असल्याशिवाय कॉट सोडू नका.

108 ची रुग्णवाहिका तातडीच्या वेळेसाठी आहे, घरी सोडायला गाडी वेगळी सांगावी लागते. बाळंतीण आणि नवजात बाळासाठी मात्र 102 घरी सोडते. अक्कलकोट, मंगळवेढा, इंडीकडे जायचं असेल तर उन्हाआधी निघा. गावातल्या उपकेंद्राला किंवा आशाताईंना आदल्या दिवशीच कळवा.

घरी आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा वॉर्डात फोन करा, शंका नसली तरी. ताप, धाप, लघवी बंद होणं, अचानक सुस्ती याला थांबायचं नाही. तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर लगेच 108.

आमच्याकडे हे सगळं एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. नळी बदलून आलो की मी जुनी तारीख खोडून खाली नवी लिहायची.